लेखकाला वाचनालयात टेबल हवंच

आमच्या भागातल्या एका तालुका वाचनालयाच्या वार्षिक सभेत एक सूचना आली. परिसरातल्या एखाद्या लेखकाला किंवा लेखिकेला सहा महिने मानधन देऊन वाचनालयात जागा द्यावी. त्यांनी तिथे बसून आपलं लेखन करावं आणि आठवड्यातले ठरलेले तास वाचकांसाठी, लिहू पाहणाऱ्यांसाठी मोकळे ठेवावेत. निवासी लेखक म्हणतात तो हाच प्रकार. सूचना नीट वाचून होण्याआधीच बाजूला पडली. विरोधात बोललेली माणसं वाचनालयाची वैरी नव्हती. त्यांतल्या काहींनी उमेदीची सगळी वर्षं या संस्थेला दिली आहेत. त्यांचे आक्षेप मी नंतर इतर गावांतही, इतर तोंडांतूनही ऐकले, आणि ते सगळे मला चुकीचे वाटतात. का, ते सविस्तर सांगायला हवं.

पहिला आक्षेप सर्वांत जड आहे, म्हणून आधी तोच घेतो. ‘आधी ग्रंथपालाच्या पगाराचं बघा, लेखकाचं मग.’

यातलं दुःख खरं आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्या कायद्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडणारी अकरा-बारा हजार ग्रंथालयं राज्यात आहेत. यातली बरीचशी गावच्या लोकांनी वर्गणी काढून सुरू केलेली, अजूनही कार्यकारी मंडळाच्या खिशावर आणि चिकाटीवर तगलेली. २०१२ नंतर अनुदान वाढलं ते थेट २०२२ च्या अखेरीस, साठ टक्क्यांनी. एवढी वाढ होऊनही ‘ड’ वर्गाच्या वाट्याला तेव्हा वर्षाला ४८ हजार रुपये आले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात वीज, वर्तमानपत्रं, पुस्तकखरेदी आणि एका माणसाचं मानधन. ग्रंथालय कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी द्या ही मागणी व्यंकप्पा पत्की समितीच्या २००१ च्या अहवालापासून धसाला लागायची राहिली आहे. हे सगळं मान्य करूनच पुढे बोलायचं आहे.

पण २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत एकाही निवासी लेखकाने या अनुदानातला रुपया खाल्ला नव्हता. तरी ग्रंथपालाचा पगार वाढला नाही. मग लेखक नेमल्याने तो अडेल आणि न नेमल्याने मिळेल, हा हिशेब कुठून आला? पगार अडला तो सरकारने ग्रंथालयाला शिक्षणाचं शेपूट मानलं म्हणून. ज्या संस्थेत फक्त पुस्तकांची देवघेव चालते असं मंत्रालयाला वाटतं, तिथल्या माणसाला तेवढ्याच कामाचे पैसे द्यायची वृत्ती राहणार. वाचनालयात लेखन होतं, बोली उतरवून घेतल्या जातात, गावातली पोरं तिथे पहिलं पान लिहितात, हे दिसू लागलं की ग्रंथपालाच्या बाजूने बोलणाऱ्याच्या हाती काहीतरी येईल. ग्रंथपाल आणि लेखक यांना एकाच तुटपुंज्या पोळीवर भांडायला लावू नका. त्यांचं भांडण एकाच दिशेने असायला हवं.

शिवाय पैसा कुठून यावा याचं उत्तरही अवघड नाही. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. साहित्य आणि संस्कृती मंडळ, राज्य मराठी विकास संस्था हे मराठी भाषा विभागाकडे. पुस्तकं एका खात्यात आणि पुस्तकं लिहिणारे दुसऱ्या खात्यात, अशी ही वाटणी आहे. लेखक वाचनालयात कधी का पोचला नाही, याचं निम्मं कारण या दोन दारांमधल्या भिंतीत सापडेल. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं, आणि ते फार मोलाचं काम आहे. पण तो पैसा पुस्तक लिहून झाल्यावर छापण्यासाठी येतो. लिहायला जो वेळ लागतो त्याची तरतूद कोणत्याही खात्यात नाही. निवासी लेखकाचं मानधन मराठी भाषा विभागाच्या बाजूने यावं, वाचनालयाच्या परिरक्षण अनुदानाला त्याचा धक्काही लागू नये. ही अट माझीही आहे आणि ती पाळली जाणार नसेल तर मीही विरोधात उभा राहीन.

रकमेचंही बोलू. महिना २५ हजार धरले तर सहा महिन्यांचे दीड लाख. राज्यात ३६ जिल्हे. दर जिल्ह्यात एका वाचनालयात एक लेखक म्हटलं तर वर्षाला ५४ लाख. अलीकडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनांना राज्य सरकारने दोन-दोन कोटी रुपये दिले आहेत. तीन दिवसांसाठी. संमेलन बंद करा असं मी म्हणत नाही; लोक तिथे पिशव्या भरभरून पुस्तकं घेतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ज्या राज्याला तीन दिवसांच्या मांडवासाठी दोन कोटी सापडतात, त्या राज्यात छत्तीस लेखकांच्या अर्ध्या वर्षासाठी त्याच्या पाव हिश्शाहून थोडी जास्त रक्कम नाही, हे कुणी मला सांगू नये.

इथेच दुसरा आक्षेप येतो. ‘लेखक-वाचक भेटीसाठी संमेलन आहे, ग्रंथोत्सव आहे, आपली व्याख्यानमाला आहे, मग हे नवीन कशाला?’

व्याख्यानमालेत काय घडतं ते आपण सगळे जाणतो. पाहुणे साडेचारच्या गाडीने येतात. सत्कार, प्रास्ताविक, परिचय यांत पाऊण तास जातो. पाहुणे चांगलं बोलतात. प्रश्न विचारायला तीन हात वर होतात, त्यांतले दोन स्वतःचंच भाषण करतात. जेवण होतं, गाडी निघते. मागच्या रांगेत दप्तरात वही घेऊन बसलेली मुलगी ती वही बाहेर काढतच नाही. तिला पाहुण्यांना काही विचारायचं असतं ते शंभर माणसांसमोर विचारण्यासारखं नसतं. ती चार वेळा नुसती येऊन बसेल, पाचव्या वेळी वही पुढे करील. त्यासाठी लेखक पाचव्या वेळीही तिथे असावा लागतो. व्याख्यानमाला कितीही जुनी आणि कितीही दर्जेदार असो, तिला हे काम जमणार नाही.

१८८५ साली जोतीराव फुल्यांनी ग्रंथकारांच्या सभेला, म्हणजे आजच्या संमेलनाच्या पूर्वजाला, यायचं नाकारलं. ज्यांच्या दुःखांना त्या सभेत जागा नव्हती त्यांच्या बाजूने त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून कळवलं. तो प्रश्न मांडव मोठा करून सुटलेला नाही. लेखक जिथे माणसं आहेत तिथे जाऊन राहिला तर तो सुटायला निदान सुरुवात होईल.

तिसरा आक्षेप ऐकला की मला खरोखर राग येतो. ‘आपल्याकडचे लेखक नोकरी करून लिहितातच की. आजवर कुणाला कुठे मानधन लागलं?’

होय, लिहितात. कृष्णात खोत पन्हाळ्याच्या परिसरात शिक्षकी करत लिहीत राहिले आणि ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सावंतवाडीचे प्रवीण बांदेकर इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांच्या ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला त्याआधीच्या वर्षी. ‘आलोक’चे आसाराम लोमटे परभणीचे पत्रकार. ‘तणकट’चे राजन गवस प्राध्यापक. मराठीतलं प्रादेशिक लेखन गेली कित्येक दशकं मास्तर, प्राध्यापक, पत्रकार आणि सरकारी कारकून यांनी सुट्ट्यांत, रात्री, पेपर तपासून झाल्यावर लिहिलं आहे. या माणसांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण हीच यादी दुसऱ्या बाजूने वाचा. ज्यांना उन्हाळ्याची सुट्टी नाही, महिन्याच्या एक तारखेला पगार नाही, ती माणसं या यादीत फार थोडी सापडतील. कोरडवाहू शेतकरी, ऊसतोडीला जाणारा, अंगणवाडी सेविका, बिडी वळणारी बाई, कोळीण, रिक्षावाला. त्यांच्याकडे सांगायला कमी आहे म्हणून का? नोकरी करूनही लिहिता येतं, हे नोकरी असलेल्याने सिद्ध केलं आहे. नोकरी नसलेल्याचं काय, याचं उत्तर त्यात नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगताना त्यातली भीती विसरतो. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही. शेतात, घरात काम करताना ओव्या रचायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, म्हणून त्या उतरवून घेतल्या गेल्या. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आता विचार करा. मुलगा कवी नसता तर? मराठीच्या एका थोर कवयित्रीचं असणं-नसणं घरात लिहू शकणारा, आणि लिहिण्याची किंमत कळणारा, एक माणूस होता यावर अवलंबून राहिलं. खानदेशात, वऱ्हाडात, मावळात ज्यांची मुलं कवी नव्हती अशा बायका किती असतील? त्या काय म्हणाल्या ते आपल्याला कधीच कळणार नाही. वाचनालयात बसलेला लेखक दर बुधवारी दुपारी गावातल्या म्हाताऱ्या बायकांसाठी वही उघडून बसला, तर तो सोपानदेवांचं काम पूर्ण तालुक्यासाठी करील. यापेक्षा महत्त्वाचं काम कोणत्या वाचनालयाकडे आहे?

झाडीपट्टीचं बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं होतात, गावंच्या गावं जमतात, आणि वडसा म्हणजे देसाईगंज हे त्या कंपन्यांचं केंद्र. एवढं जिवंत नाटक उरलेल्या महाराष्ट्रात कुठे राहिलं आहे? तिथल्या वाचनालयात निवासी लेखक म्हणून झाडीबोलीत लिहिणारा नाटककार असला पाहिजे. नाटकांच्या संहिता गोळा करणं, जुन्या नटांकडून पाठ असलेले प्रवेश लिहून घेणं, नव्या पोरांना प्रवेश रचायला शिकवणं हे त्याचं काम. मालवणीसाठी कुडाळ किंवा वेंगुर्ले, अहिराणीसाठी धुळे किंवा साक्री. प्रादेशिक लेखक म्हटला की काहींना तो छोटा लेखक वाटतो, मुंबई-पुण्याला पोचायचा राहिलेला. ही समजूत मराठी वाचनालयांनी तरी बाळगू नये. आपल्या साहित्याचं बरंचसं बळ माणदेशातून, कोकणातून, खानदेशातून, मराठवाड्यातून आलं आहे.

चौथा आक्षेप वाचकांचा. ‘वाचनालयात येतंय कोण? म्हातारे पेपर वाचायला, पोरं एमपीएससीच्या अभ्यासाला. लेखक बसवून तो बोलणार कुणाशी?’

त्याच पोरांशी. कुठल्याही तालुका वाचनालयाची अभ्यासिका सकाळी सातला जाऊन पाहा. पत्र्याच्या छताखाली लाकडी फळीचे कप्पे पाडलेले, प्रत्येक कप्प्यात डबा, पाण्याची बाटली, चार्जरची वायर, भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलंमुली दिवसाचे दहा-बारा तास तिथे काढतात. परीक्षा लांबतात, जागा निघत नाहीत, घरून फोन येतो तेव्हा बाहेर जाऊन हळू आवाजात बोलतात. या पिढीचं जगणं मराठी कादंबरीत किती आलं आहे? आणि ते कोण लिहिणार, जर ते जगणाऱ्यांपैकी कुणी लिहिलं नाही तर? ही मुलं वाचत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी त्यांना कधी विचारलेलं नसतं. अभ्यासिकेचं दार आणि कथा-कादंबऱ्यांचं दालन यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी एकच भिंत असते, पण ती ओलांडून या, असं त्यांना कुणी म्हटलेलं नाही. वाचनालयांनी अभ्यासिका काढली ती गरज म्हणून आणि चांगलं केलं. आता त्याच छताखाली एक माणूस असा असू द्या जो त्यांना परीक्षेतल्या गुणांपलीकडचं काही विचारील.

वाचक येत नाहीत याचं एक कारण कपाटांत आहे, ते मात्र सभेत कुणी बोलत नाही. अनुदानाच्या ठरावीक यादीतून, राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाच्या वाटपातून आलेली अनेक पुस्तकं कुणी न मागता येतात, त्यांवर दाखल क्रमांक पडतो आणि मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी कोरी राहते. आणि आपल्याच तालुक्यातल्या लेखकाने भेट दिलेली प्रत कुठे असते? बहुधा कुलूपबंद संदर्भ कपाटात, ‘स्थानिक’ असा कागद लावून. जवळचं पुस्तक वाचकाला सापडत नाही आणि सापडतं ते त्याला जवळचं वाटत नाही. लेखक सहा महिने त्या कपाटांमध्ये वावरला तर कोणतं पुस्तक बाहेर काढायचं, कोणतं मागवायचं याबद्दल तो ग्रंथपालाच्या सोबतीने दोन शब्द बोलू शकेल. आजच्या पुस्तकखरेदी समित्यांत लिहिणारा माणूस किती ठिकाणी आहे, हे आपापल्या वाचनालयात विचारून पाहावं.

वाचनालयाचं काम पुस्तकं देणं-घेणं एवढंच, असं सभेत एकाने ठामपणे सांगितलं. आपल्या वाचनालयांचा इतिहास तसा नाही. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं. १८४८ साली पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी उभी राहिली ती लोकहितवादींच्या पुढाकाराने, आणि त्याच वर्षी त्यांची शतपत्रं ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली. वाचनालय काढणारा आणि समाजाला हलवणारं लिहिणारा माणूस एकच होता. तेव्हाच्या वाचनालयात लेखक पाहुणा नव्हता. सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदा संस्थानात गावोगाव वाचनालयं काढली, फिरत्या पेट्यांतून पुस्तकं पोचवली, ते लोकांनी नुसतं वाचत राहावं म्हणून नव्हे. वाचून उभं राहावं म्हणून. आपण आज तिथून मागे आलो आहोत.

परदेशात ही पद्धत किती रुळली आहे ते थोडक्यात सांगतो. टोरंटो, एडमंटनसारख्या शहरांची सार्वजनिक ग्रंथालयं निवासी लेखक नेमतात. तो लोकांची हस्तलिखितं वाचतो, एकेकाला वेळ देऊन त्यावर बोलतो आणि मोठा वेळ स्वतःच्या लेखनासाठी राखतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रम सुरू केला. दिलीप चित्रे तिथे राहून आले. मराठी लेखकाला लिहिण्यासाठी शांत खोली आणि काही महिन्यांचा पैसा हवा असेल, तर त्याला इंग्रजी यावं लागतं आणि समुद्र ओलांडावा लागतो. किनवटच्या कवीला हे दोन्ही शक्य नाही म्हणून त्याने लिहू नये का?

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मी हलका मानत नाही. ‘सरकारी पैशावर बसलेला लेखक सरकारविरुद्ध काय लिहिणार?’ डिसेंबर २०२२ मध्ये अनघा लेले यांच्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने शासन निर्णय काढून रद्द केला. निवड समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून काही लेखकांनी शासकीय समित्यांवरच्या जागा सोडल्या. जो हात पुरस्कार देऊन काढून घेतो तो मानधनही काढून घेईल, ही भीती ज्यांनी सभेत बोलून दाखवली त्यांच्याशी माझं भांडण नाही.

पण या भीतीतून ‘म्हणून लेखकच नको’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे सत्तेला हवं ते आपल्या हाताने करून देणं. भीती असेल तर अटी घट्ट करा. सहा महिन्यांचा सगळा पैसा पहिल्याच दिवशी वाचनालयाच्या खात्यात जमा व्हावा, हप्त्यांनी नको; हप्ता थांबवणं हेच दबावाचं हत्यार असतं. निवड मंत्रालयात होऊ नये. वाचनालयाच्या सभासदांनी निवडलेले दोन वाचक, ग्रंथपाल आणि परगावचे दोन लेखक, एवढ्यांनी ती करावी, आणि कारणं लिहून फळ्यावर लावावीत. गावातल्या पुढाऱ्याचा, संस्थाचालकाचा भाचा तिथे बसणार असेल तर तो कारणांच्या कागदावर उघडा पडेल. लेखकाने काय लिहावं, किती पानं लिहावीत, हे कुणी विचारू नये. अहवालात फक्त दोन गोष्टी असाव्यात: लोकांसाठी ठेवलेले तास पाळले गेले का, आणि किती जणांचं लेखन वाचून त्यावर बोलणं झालं. त्याला अध्यक्षपद, दीपप्रज्वलन, बक्षीस समारंभ यांत ओढू नये. दर दोनपैकी एक जागा लेखिकेला मिळावी, आणि तिला मूल असेल तर मुलासह बसता येईल अशी खोली असावी. नियमित पगार नसलेल्या अर्जदाराला आधी प्राधान्य.

आणि सहा महिन्यांत म्हाताऱ्या माणसांकडून, नटांकडून, अभ्यासिकेतल्या पोरांकडून जे उतरवून घेतलं गेलं, त्या वह्यांना वाचनालयाने इतर कोणत्याही पुस्तकाप्रमाणे दाखल नोंदवहीत क्रमांक द्यावा, सांगणाऱ्याचं नाव लेखक म्हणून लिहावं आणि सभासदांना त्या घरी नेऊ द्याव्यात.